प्रकाशाची साक्ष आणि मराठी वाणी

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याच्या परिसरात, बालाघाटाचे पठार जेथे एकाएकी तुटून दरीत उतरते, तेथे कपिलधार हे तीर्थ आहे. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी शुभ्र धार, तिच्या सान्निध्यात असलेली संतकवी मन्मथस्वामींची समाधी, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस गावोगावहून पायी चालत येणाऱ्या दिंड्या यांमुळे या स्थानाचे नाव मराठवाड्यातील घराघरांत परिचित आहे. मी ख्रिस्ती मनुष्य. माझी उपासना निराळी. तरीही या दरीत उभे राहिले म्हणजे एका गोष्टीचे स्मरण मला हटकून होते. बाराव्या शतकात कल्याण नगरीत बसवेश्वरांच्या प्रेरणेने जो वीरशैव विचार बहरास आला, त्याची वचने कन्नड भाषेत होती. तो विचार मराठी कुणब्याच्या आणि उदमी वाण्याच्या कानी त्याच्याच बोलीत पडावा म्हणून मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठी ओवीत रचिले आणि अभंग गाइले. दूरच्या मुलखात उगवलेली श्रद्धा आपल्या माणसांना त्यांच्या ओवीत सांगितल्यावाचून ज्याला राहवत नाही, त्याच्या अंतःकरणाची अवस्था कोणती असते, हे कपिलधारेस समजते. आणि येशू ख्रिस्त हा जगाचा प्रकाश व पातक्यांचा तारणारा आहे, अशी साक्ष ज्यांनी गेल्या चार शतकांत मराठीत दिली, त्यांची कहाणीही याच अवस्थेची कहाणी आहे.

‘साक्ष देणे’ हा शब्द ख्रिस्ती मंडळीत नित्याचा आहे. इतरांना तो कोर्टकचेरीतून ठाऊक असतो. दोन्हीकडे त्याचा मूळ अर्थ एकच. साक्षी म्हणजे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तो, अशीच या शब्दाची व्युत्पत्ती पाणिनीपासून चालत आली आहे. आपल्या वेदान्ताने मात्र या शब्दाला एक निराळे वळण दिले: तेथील साक्षी हा अलिप्त असतो, तो पाहतो पण कशातही गुंतत नाही. शुभवर्तमानातील साक्षीदार याच्या अगदी उलट आहे. तो गुंतलेला आहे, भिजलेला आहे, कित्येकदा घायाळ आहे. जे घडले ते त्याच्या देखत घडले एवढेच नव्हे, तर त्याच्यावरच घडले. नव्या करारात साक्षीदारासाठी जो ग्रीक शब्द योजिला आहे, त्याच शब्दाला पुढे ‘धर्मासाठी प्राण देणारा हुतात्मा’ असा अर्थ चिकटला, यावरून ही साक्ष किती महाग पडत असे याची कल्पना यावी.

योहानाच्या शुभवर्तमानाची तर मांडणीच एखाद्या खटल्याच्या दप्तरासारखी आहे. आरंभीच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी सांगितले आहे की तो स्वतः प्रकाश नव्हता, प्रकाशाविषयी साक्ष देण्यास तो आला होता. पुढे यरुशलेमात मंडपांचा सण भरतो. हा सण शरद ऋतूत, पौर्णिमेपासून सुरू होणारा. त्याच्या रात्री मंदिराच्या प्रांगणात प्रचंड दीपवृक्ष पेटवीत आणि त्यांच्या उजेडात लोक नाचत-गात असत, असे यहुदी परंपरा सांगते. त्रिपुरी पौर्णिमेस दीपमाळा उजळणाऱ्या आपल्या लोकांना ते दृश्य डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. त्या सणाच्या संदर्भात येशूने स्वतःला जगाचा प्रकाश म्हटले, आणि तत्काळ परूश्यांनी कायद्याचा मुद्दा काढला की स्वतःविषयी स्वतःच दिलेली साक्ष ग्राह्य नाही. कारण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कोणतीही गोष्ट शाबीत होण्यास किमान दोन साक्षीदार लागत.

या प्रसंगाच्या मागे-पुढे दोन माणसे उभी आहेत, आणि प्रकाश म्हणजे काय हे त्यांच्याकडे पाहिल्यावाचून कळत नाही. पहिली, व्यभिचाराच्या आरोपावरून भर सभेत आणलेली स्त्री, जिच्यावर धोंडे उचललेले हात एकेक करून खाली आले आणि जिला येशूने दोषी न ठरवता पुन्हा पाप न करण्यास सांगून पाठविले. दुसरा, एक जन्मांध. त्याला दृष्टी आल्यावर धर्माधिकाऱ्यांनी त्याची जबानी घेतली, उलटतपासणी केली, त्याच्या आईबापांना बोलावून रुजवात केली. आईबापांनी वाळीत पडण्याच्या भयाने हात झटकले. तो मात्र एवढेच म्हणत राहिला की बरे करणारा कोण, कसला, हे तुम्ही ठरवा, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते इतके मी जाणतो. अखेरीस त्यालाच बाहेर घालविण्यात आले. ख्रिस्ती साक्षीचा सारा नमुना या एका अडाणी भिकाऱ्यात आहे: स्वतःच्या पदरचे काही न जोडता झालेले सांगणे, आणि त्याची किंमत स्वतः मोजणे.

‘तारणारा’ या मराठी शब्दाकडेही क्षणभर थांबून पाहावे असे मला वाटते. तारणे म्हणजे पैलतीरास नेणे, हा अर्थ भवसागराच्या रूपकावर वाढलेल्या मराठी मनाला उपजतच कळतो. परंतु सावकारी पेढीवर ‘तारण’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: कर्जापोटी ठेवलेली हमीची वस्तू. दुष्काळी बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा अर्थ समजावून द्यावा लागत नाही; शेत, बैलजोडी, बायकोच्या अंगावरचे मणिमंगळसूत्र, सारे तारण म्हणून गेलेले त्याने पाहिले आहे. ऋणको फेडू शकत नाही म्हणून दुसऱ्याच कोणी स्वतःस तारण म्हणून द्यावे आणि ते तारण जप्त होऊन ऋणको मोकळा व्हावा, ही वधस्तंभाची गोष्ट आहे. हे दोन अर्थ एका शब्दात नांदविण्याचे भाग्य आपल्या भाषेला लाभले आहे, आणि म्हणून मराठीत दिलेल्या साक्षीचा ध्वनी काही निराळाच उमटतो.

ही साक्ष ओवीत प्रथम गुंफिली ती एका इंग्रजाने. थॉमस स्टीफन्स हा येशुसंघीय पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला, चाळीस वर्षे साष्टीच्या परिसरात राहिला, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे रोमन लिपीत छापलेला. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. मराठी भाषेवर या परदेशी माणसाचे किती निस्सीम प्रेम होते, हे त्याने तिची जी स्तुती गाइली तीवरून शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन नावाची धर्मन्यायसभा बसलेली होती, आणि तिच्या दहशतीखाली माणसांनी जे कबूल केले ते साक्ष या नावास पात्र नाही, हे ख्रिस्ती माणसाने सर्वांआधी आणि सर्वांहून मोठ्याने म्हटले पाहिजे. धाकाने वदविलेली जबानी जशी न्यायालयात टिकत नाही, तशी ती देवापुढेही टिकत नाही. स्टीफन्सची ओवी आज जिवंत आहे, कारण ती हुकमाने नव्हे तर प्रेमाने लिहिली गेली.

एकोणिसाव्या शतकात साक्ष देण्याचे काम खुद्द मराठी माणसांनी हाती घेतले. सेरामपूरच्या विल्यम केरी यांच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत बाहेर पडले होते. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत आले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरास ठाणे केले आणि १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला, विधवांच्या दुःखावरची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये लिहिली, आणि पुढे आपल्या मनःपरिवर्तनाची हकीकत आत्मचरित्रात सांगितली. त्या आत्मचरित्राला त्यांनी ‘अरुणोदय’ हे नाव दिले. हे नाव फार नेमके आहे. अरुणोदयास सूर्य अद्याप दिसत नसतो. पूर्वेकडची रेष तांबूस होते आणि वाटेवरचा धोंडा व साप यांतील भेद कळू लागतो. प्रकाश आल्याची पहिली खूण म्हणजे स्वतःच्या अंगणातील केर दिसणे, आणि पापाची जाणीव ही तशीच खूण आहे. अंधारात कोणालाच आपले हात मळलेले दिसत नाहीत.

आमच्या मराठवाड्यापुरते बोलायचे, तर निजामाच्या अमलातील या मुलखात नारायण शेषाद्री यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. या ब्राह्मण तरुणाने १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच्या धाकट्या भावाने, श्रीपतने, त्याच्या पावलावर पाऊल टाकू पाहिले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा अल्पवयीन म्हणून बापाच्या हवाली करण्यात आला. नारायण शेषाद्री मात्र पुढे जालन्यास आले, मांग आणि महार वस्त्यांत वावरले, आणि जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसविले. बेथेल म्हणजे देवाचे घर. ज्यांना गावकुसाच्या आत घर नव्हते, त्यांच्या वस्तीला हे नाव पडावे, हीच एक साक्ष होती.

परंतु प्रकाश आणि पातक्यांचा तारणारा या दोन शब्दांचा सांधा ज्यांच्या आयुष्यात सर्वांत स्वच्छ दिसतो, त्या पंडिता रमाबाई. १८५८ मध्ये अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी जन्मलेली, आईकडून संस्कृत शिकलेली, दुष्काळात आईबापांना गमावून भावासह हिंदुस्थानभर पायी हिंडलेली, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविलेली ही विदुषी १८८३ मध्ये इंग्लंडास गेली. तेथे फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनींचे काम तिने पाहिले. ज्यांना समाजाने कायमचे टाकून दिले त्यांच्याशी या बायका इतक्या मायेने का वागतात, असा प्रश्न तिला पडला. उत्तरादाखल तिला विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. त्या कथेत येशू एका परक्या जातीच्या, लोकांनी नावे ठेवलेल्या बाईपाशी पाणी मागतो, जिच्या भांड्यालाही यहुदी शिवत नसत. पाणवठ्यावरचा विटाळ काय असतो हे रमाबाईंना कोणी शिकवायला नको होते. त्याच वर्षी त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

रमाबाईंचा खरा मोठेपणा यापुढे आहे. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले, ते पुढे पुण्यास हलविले. कीर्ती झाली, वादही झाले. आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानी आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण स्वतः ख्रिस्त सापडलाच नाही. विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले, आणि पाळकपणाची सनद मिळाल्यानंतरही मनुष्य अंधारात असू शकतो हे वाचून त्या आपल्या अंतःकरणाचा हिशेब मांडू लागल्या. १९०७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तिकेत त्यांनी हे निःसंकोच सांगितले आहे. आपण पंडिता आहोत, समाजसेविका आहोत, परोपकारी आहोत, असे सारे म्हणत असताना आपणही पातकी आहोत आणि आपल्यालाही त्याच दाराने आत जावे लागते, हे त्यांनी कबूल केले. फुलहॅमच्या स्त्रियांना तारणारा हवा होता हे कळणे सोपे होते. पंडितेलाही तोच हवा आहे हे कळण्यास आठ वर्षे लागली.

मग त्या साक्षीला हातपाय फुटले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या आणि दौंडजवळच्या केडगावी ‘मुक्ति’ ही वसाहत उभी राहिली. तेथे मुली विणत, दळत, शेती करीत आणि खिळे जुळवून छापखाना चालवीत. त्याच छापखान्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे भाषांतर करीत बसल्या. वेदान्ताच्या छटांनी भारलेले संस्कृत शब्द टाळून खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा योजण्याचा त्यांचा कटाक्ष होता. ज्या सरस्वतीला संस्कृत श्लोक मुखोद्गत होते, तिने आपली सारी विद्वत्ता सोपे बोलण्यासाठी खर्ची घातली. हे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या.

याच साक्षीची काव्यमय बाजू नारायण वामन टिळकांची. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी त्यांचा जन्म. नागपूरहून राजनांदगावी जात असता आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. तो गृहस्थ कोण होता, हे टिळकांना पुढे कधीही कळले नाही. साक्षीदाराने आपले नाव मागे न ठेवता निघून जावे, याचा याहून सुंदर दाखला मला माहीत नाही. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर टिळकांना ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ते काही मराठी भक्तीची वाट सोडून गेले नाहीत. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. अभंग, ओवी, कीर्तन हे सारे त्यांनी मंडळीत आणले, आणि आज मराठी ख्रिस्ती उपासनेत जी भजने टाळ-मृदंगावर म्हटली जातात त्यांत मोठा वाटा त्यांचा आहे. आपल्या संतांनी स्वतःला पतित म्हणवून देवाला पतितपावन म्हणून हाक मारली होती. त्या हाकेला उत्तर म्हणून ख्रिस्त आपल्या दारी आला, अशी टिळकांची श्रद्धा होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत असा त्यांचा मनोदय होता. ९ मे १९१९ रोजी ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपुरे होते. ते पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी.

लक्ष्मीबाईंची साक्ष सर्वांत अवघड होती, कारण ती त्यांना मागितलीच नव्हती. नवरा ख्रिस्ती झाला आणि सोवळ्यात वाढलेली ही बाई कित्येक वर्षे त्याच्यापासून वेगळी राहिली, रडली, भांडली. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपली चूल निराळी ठेवली; टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. जात ही देवाने नव्हे, माणसाने केली, हे एके दिवशी त्यांचे त्यांनाच उमगले, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत घ्यायची नाही असा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. शोमरोनच्या विहिरीवर जो प्रश्न एका घागरीपाशी उभा राहिला होता, तोच प्रश्न एका मराठी बाईने आपल्या स्वयंपाकघरात सोडविला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त हे सारे इतक्या निष्कपट भाषेत आले आहे की, अल्पशिक्षित बाईचे ते पुस्तक मराठी गद्याचे भूषण होऊन बसले.

ही झाली लिहिणाऱ्यांची नावे. ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत असे हजारो लोक नगर, जालना, औरंगाबाद, बीड या पट्ट्यातील मांगवाड्यांत आणि महारवाड्यांत होते. लिहिणे त्यांना ठाऊक नव्हते. सांगणे ठाऊक होते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क जात नाही असे कंपनी सरकारने ठरविले होते खरे, पण ज्यांच्यापाशी वारशाने मिळण्यासारखे काही नव्हतेच, त्यांना त्या कायद्याचा काय उपयोग? त्यांना गावकी गमवावी लागली, बलुते गमवावे लागले, सोयरे गमवावे लागले. तरी रात्री कंदिलाच्या उजेडात डफ-तुणतुणे घेऊन त्यांनी येशूची गाणी गाइली, कारण धर्माच्या दारातून आत येण्यास मज्जाव असलेल्यांना कोणीतरी नावाने हाक मारली होती.

या सर्वांकडे पाहून साक्षीविषयी मला जे उमगले ते थोडक्यात सांगतो. साक्षीदार वकील नव्हे. खटला जिंकण्याची जबाबदारी त्याची नाही, म्हणून त्याने दुसऱ्याच्या देवाची निंदा करण्याचे कारण नाही. तो मुनसफही नव्हे. फैसला देण्याचा अधिकार त्याला नाही, म्हणून त्याने कोणाला पातकी म्हणून बोट दाखवू नये. प्रेषित पौलाने सर्व पातक्यांत पहिला क्रमांक स्वतःला दिला होता, आणि रमाबाईंनीही स्वतःपासूनच आरंभ केला. साक्षीदाराने केवळ आपण पाहिले तेवढेच सांगावे, आपल्या माणसांच्या भाषेत सांगावे, आणि ऐकणाऱ्याच्या सदसद्विवेकास मोकळे ठेवावे. भारताच्या राज्यघटनेचा पंचविसावा अनुच्छेद प्रत्येक व्यक्तीला हेच विवेकाचे स्वातंत्र्य देतो, आणि लक्ष्मीबाईंच्या घरात टिळकांनी ते त्या घटनेच्या कितीतरी आधी पाळले होते.

कपिलधारेच्या यात्रेत दिंडी चालू लागली म्हणजे पुढचा मनुष्य मागच्याला वाट दाखवितो. त्याच्या हातातील कंदील त्याने पेटविलेला असतो, पण उजेड त्याच्या मालकीचा नसतो. ख्रिस्ती वाचकांस माझी विनंती एवढीच, की तुमच्या जीवनात तो प्रकाश खरोखर आला असेल, तर त्याची साक्ष प्रथम तुमच्या व्यवहारातून, तुमच्या पाणवठ्यावरून, तुमच्या घरातील सुनेशी आणि शेतातील मजुराशी असलेल्या वागणुकीतून निघू द्या. आणि मग कोणी कारण विचारले, तर न भिता, न वाढविता, आपल्या मायबोलीत सांगा. आणि जे ख्रिस्ती नाहीत त्या बंधुभगिनींनी एकवार ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्यावीत, योहानाचे शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढावे, आणि त्या जन्मांधाचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे. त्याने कोणाला पटविण्याचा आग्रह धरला नव्हता. आपल्याला दिसू लागले, इतकेच तो सांगत होता.